अभिजात मराठीचे ‘ईजेकेबीएच’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ईजेकेबीएच’ हे कुठल्या महामंडळाचे लघुरूप नव्हे. कृतिदेव फॉन्ट लावून ‘मराठी’ असे टाइप केले, की कॉम्प्युटरच्या पोटात प्रत्यक्षात साठतात ती ही पाच इंग्रजी अक्षरे: ई, जे, के, बी, एच. पडद्यावर मराठी दिसते ती वरून चढवलेल्या फॉन्टच्या कृपेने. तीच फाइल कृतिदेव नसलेल्या मशीनवर उघडली, की सोंग उतरते आणि आतली मंडळी उघडी पडतात. डीटीपीवाले याला ‘फॉन्ट फुटला’ म्हणतात. खरे तर काहीच फुटलेले नसते. त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीच्या अभिजात दर्जाला मान्यता दिली. त्या आनंदात गावोगावी जे फ्लेक्स लागले, त्यांतल्या बऱ्याच फ्लेक्सच्या फायलींत अभिजात भाषेचे नाव ईजेकेबीएच असेच असणार. आणि आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर तर ‘आता एआय बोलणार अस्खलित मराठी’ या थाटाचे मथळे महिन्यातून दोनदा तरी असतात. त्याच अंकात आत कुठेतरी एका संस्थेचे निवेदन असते, त्यात ‘हार्दिक’चा ‘हादिर्क’ झालेला असतो. पहिली बातमी वाचून लोक भारावतात आणि दुसरीला ‘कॉम्प्युटरला मराठी नीट जमत नाही’ म्हणून माफ करतात. कॉम्प्युटरला मराठी उत्तम जमते. अडले आहे ते आपल्या टाइप करण्याच्या, साठवण्याच्या आणि पाठवण्याच्या सवयींवर. हे पत्र त्या सवयींबद्दल आहे.

ज्यांनी हे जुने फॉन्ट केले त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. तेव्हा फॉन्टमध्ये २५६ खाने असत, त्यातलेही सगळे वापरता येत नसत, आणि विंडोजला देवनागरी नावाची लिपी असते हेच ठाऊक नव्हते. मग इंग्रजी अक्षरांच्या खान्यांत आपली अक्षरे, अर्धी अक्षरे, रफार, वेलांट्या कोंबून बसवल्या. एसटीत मधल्या सीटवर चौथा माणूस बसवतात, तशी ती सोय होती, आणि तिच्यावर मराठी छपाईचा धंदा वीस-पंचवीस वर्षे चालला. गोंधळ एवढाच, की प्रत्येकाने कोंबताना आपापला नकाशा केला. श्री-लिपीचा वेगळा, आकृतीचा वेगळा, शिवाजीचा वेगळा, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या सुरेख-योगेशचा आणखी वेगळा. प्रमाण संकेत नव्हता असेही नाही: भारतीय मानक ब्युरोचा इस्की १९९१चा, आणि जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेताची पहिली आवृत्तीही १९९१चीच. विंडोज २००० बरोबर देवनागरीचा आधार आला, सोबत प्रा. र. कृ. जोशी यांनी आखलेला ‘मंगल’ फॉन्ट फुकट आला. म्हणजे कॉम्प्युटरला मराठी येऊ लागून पाव शतक होऊन गेले. बातमी पोचायला वेळ लागतो हे मान्य, पण इतका?

‘हार्दिक’चा ‘हादिर्क’ कसा होतो ते जरा जवळून पाहू, कारण सगळी मेख त्यात आहे. कृतिदेव टाइपरायटरच्या हाताने चालतो. कागदावर डावीकडून उजवीकडे जे दिसते, त्याच क्रमाने कळा दाबायच्या: ह, काना, पहिली वेलांटी, द, रफार, क. वेलांटी द च्या आधी, कारण ती दिसते आधी. रफार द च्या नंतर, कारण तो शेवटी डोक्यावर बसतो. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतो: ह, काना, र, हलन्त, द, वेलांटी, क. बोलताना र आधी येतो, म्हणून साठवतानाही आधी. आता जुने मॅटर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरला दोन उड्या मारायच्या असतात. वेलांटी द च्या पुढे न्यायची, आणि रफार द च्या मागे आणायचा. फुकटातला घाईचा कन्व्हर्टर पहिली उडी मारतो आणि दमतो. रफार आहे तिथेच राहतो, आणि समोर जो येईल त्याच्या, म्हणजे क च्या, डोक्यावर बसतो. झाले हादिर्क अभिनंदन.

यावरून तपासणीचा एक साधा नियम निघतो. कन्व्हर्ट केलेले मॅटर हाती आले, की पहिल्यापासून वाचत बसू नये. आधी रफार आणि पहिली वेलांटी एकत्र येणारे शब्द शोधावेत: हार्दिक, आर्थिक, वार्षिक, मार्मिक, निर्मिती. त्यानंतर क्ष, ज्ञ, श्र, ऋ, त्र, द्ध, ह्य. शेवटी कंस, टक्के आणि अवतरणचिन्हे. पहिल्या पानावर हे सगळे ठीक असेल तर बाकीचे बहुधा ठीक असते. ‘आर्थिक’चा ‘आथिर्क’ झालेला दिसला, तर त्या कन्व्हर्टरला नमस्कार करून दुसरा शोधावा. हाताने दुरुस्त करत बसलात तर तीनशे पानांच्या पुस्तकात शेवटचा ‘आथिर्क’ वाचकालाच सापडतो.

मजकुरात मधे इंग्रजी शब्द असतील तर खरी करमणूक होते. जुन्या फाइलमध्ये मराठी काय आणि इंग्रजी काय, आत सगळी इंग्रजी अक्षरेच. फरक एवढाच, की एकाला कृतिदेव लावलेला असतो आणि दुसऱ्याला टाइम्स रोमन. मजकूर कॉपी करून कन्व्हर्टरच्या चौकटीत टाकला, की फॉन्टची माहिती गळून पडते आणि कन्व्हर्टर समोर येईल त्याचे मराठी करत सुटतो. मग इंग्रजीत लिहिलेल्या जीएसटीचे ‘ळैज्’ होते, पीडीएफचे ‘च्क्थ्’, आणि ५०० एमबीचे ‘५०० डठ’. परिपत्रकात ‘ळैज्’ भरण्याची अंतिम तारीख वाचून माणूस आधी घाबरतो आणि मग हसतो. करसल्लागाराच्या बाबतीत क्रम उलटा. उपाय असा: मॅटर साध्या टेक्स्टमध्ये पाठवूच नये. वर्ड किंवा आरटीएफ फाइलच द्यावी, म्हणजे कुठल्या तुकड्याला कुठला फॉन्ट होता ते शिल्लक राहते. कन्व्हर्टर फाइल घेणारा नसेल, तर वर्डच्या शोधा-बदला चौकटीत फॉन्टचे नाव देऊन इंग्रजी तुकडे आधी शोधावेत, त्यांच्या जागी खुणेचे आकडे ठेवावेत, मराठी बदलून घ्यावी आणि मग इंग्रजी परत बसवावे. अर्ध्या तासाचे काम आहे. ‘च्क्थ्’ शोधत बसण्यापेक्षा स्वस्त.

वर्ड हा प्राणी स्वतःहूनही हातभार लावतो. त्याच्या समजुतीप्रमाणे समोरचा माणूस अशुद्ध इंग्रजी लिहीत असतो, आणि तो मायेपोटी ते सुधारतो. वाक्याच्या सुरुवातीला ‘मला’ टाइप करा. कृतिदेवमध्ये ते ई-वाय-के असते. वर्ड पहिले अक्षर मोठ्या लिपीतले करतो. कृतिदेवच्या नकाशात मोठ्या ई वर अर्धा म आहे. ‘मला’चे ‘म्ला’ होते. अर्धा श सरळ एकेरी अवतरणचिन्हाच्या कळीवर आहे. वर्ड ते चिन्ह गोलाईदार करून देतो, आणि शाळेतला श जाऊन तिथे अवतरणचिन्ह येते. श नसलेली शाळा. जुन्या फायली सांभाळणे ज्यांना भागच आहे त्यांनी फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स इथे जाऊन वाक्याचे पहिले अक्षर मोठे करण्याची खूण काढावी, आणि शेजारच्या ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ या कप्प्यातली स्मार्ट कोट्सची खूणही. दोन मिनिटे. हे न केल्यामुळे महाराष्ट्रातल्या किती टायपिस्टांनी ‘कीबोर्ड खराब आहे’ म्हणून नवा कीबोर्ड मागवला असेल, देव जाणे.

आता समजा सगळे शहाणे झाले आणि युनिकोडमध्ये आले. तिथेही मराठीला दोन-तीन ठिकाणी ठेच लागतेच, आणि सगळ्यात दुखरी ठेच आहे ती ‘ऱ्य’ची. हिंदीला याची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदीवरून बेतलेल्या साधनांत हा आडवा, डोळ्याच्या पापणीसारखा र पुष्कळदा राहून जातो. त्याच्या जागी रफार आला तर नुसते शुद्धलेखन नाही, अर्थ बदलतो. लग्नघरच्या हिशेबात ‘आचाऱ्यास आगाऊ पाच हजार दिले’ हे रास्त आहे. ‘आचार्यास दिले’ म्हटले तर गुरुजींकडे चौकशी होईल. सह्याद्रीत दऱ्या असतात. सह्याद्रीत दर्या असल्याचे एखाद्या पर्यटनाच्या माहितीपत्रकात छापून आले, की कोकणातल्या माणसाने काय समजायचे? उपाय कळफलकावरच आहे. इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या प्रमाण कळफलकात शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ: ऱ, हलन्त, य. मोबाइलच्या काही कळफलकांत र दाबून धरला की ऱ वर येतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. हाच ‘ऱ्य’ दुसऱ्या मार्गानेही काढता येतो. साधा र, हलन्त, मग न दिसणारे एक जोडचिन्ह, मग य. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. एकाने ‘दुसऱ्या’ पहिल्या पद्धतीने लिहिले आणि तुम्ही दुसऱ्या पद्धतीने शोधलेत, तर कंट्रोल-एफ शांतपणे शून्य सांगतो. ‘ॲप’ या नव्या शब्दाच्या तर तीन तऱ्हा प्रचारात आहेत: २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र आलेला ॲ, अ वर थेट चंद्र ठेवलेला, आणि अ व चंद्र यांच्यामध्ये ते अदृश्य जोडचिन्ह घातलेला. आपल्याच दैनिकाच्या संग्रहात ‘ॲप’ शोधून पाहावे. जेवढ्या बातम्या सापडतील त्याहून जास्त निसटतील.

आणि ‘दु:ख’. विसर्गाच्या जागी इंग्रजी अपूर्णविराम टाकायची आपली सवय इतकी जुनी आहे की चूक वाटतच नाही. दिसायला सारखेच. पण कॉम्प्युटर त्याला विरामचिन्ह समजतो, काही प्रोग्रॅममध्ये शब्द तिथे तुटतो, आणि ओळीच्या शेवटी ‘दु:’ वर राहतो, ‘ख’ खालच्या ओळीत पडतो. निधनाच्या बातमीत हे शोभत नाही. इनस्क्रिप्टवर विसर्ग शिफ्ट आणि वजाच्या कळीवर आहे. बोटाला फक्त माहीत व्हायला हवे.

अक्षरे मोजण्याचाही एक घोळ आहे, आणि तो ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. ‘ज्ञानेश्वर’ या नावात अक्षरे किती? तुम्ही-आम्ही म्हणू चार: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडच्या हिशेबाने दहा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. आणि युटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीने साठवले, तर दर चिन्हाला तीन बाइट (साठवणीची जागा मोजायचे एकक) याप्रमाणे तीस. आता ज्याने फॉर्म बनवला त्याने ‘नाव: कमाल ५०’ असे लिहिले असेल, तर हे ५० कशाचे ते त्यालाच विचारायला हवे. बाइटचे असतील तर ‘छत्रपती संभाजीनगर’ ४९ बाइटमध्ये कसेबसे मावते, एक बाइट उरतो, आणि त्यात पुढचा स्वल्पविराम बसतो. ‘जिल्हा’ लिहायचा असेल तर शेजारचा जिल्हा निवडूनही उपयोग नाही. बॅकस्पेस आणि डिलीटचे वेगळे वागणेही यातूनच येते. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये बॅकस्पेस मागून एकेक चिन्ह खातो, म्हणजे ‘ज्ञा’चा आधी काना, मग ञ, मग हलन्त. डिलीट मात्र पुढचे जोडाक्षर अख्खे गिळतो. कॉम्प्युटर बिघडलेला नाही. एक जण खुडतो, दुसरा उपटतो.

एसएमएसचे गणित याहून मजेचे, आणि खिशाशी संबंध असलेले. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. त्यात एकही देवनागरी चिन्ह आले, की सगळा संदेश दुसऱ्या पद्धतीने पाठवावा लागतो आणि मर्यादा ७०वर येते. संदेश लांबला आणि तुकडे पाडावे लागले, तर जोडणीची माहिती घालायला आणखी जागा जाते: इंग्रजीत दर तुकड्याला १५३, देवनागरीत ६७. आता गंमत अशी, की रुपयाचे नवे चिन्ह, जे २०१० साली मोठ्या कौतुकाने स्वीकारले गेले, तेही एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात नाही. १५० अक्षरांच्या शुद्ध इंग्रजी संदेशात कुणी हौसेने एक ₹ टाकला, तर एका संदेशाचे तीन होतात आणि घाऊक पाठवणाऱ्याला तिप्पट बिल येते. बँकांचे संदेश अजून जुन्या ‘आरएस’ला का धरून आहेत, याचे एक चांगले कारण हे. पतसंस्था, शाळा, गृहसंस्था यांनी मराठीतच पाठवावे, पण लिहिल्यावर चिन्हे मोजावीत: ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की’ एवढ्यातच सत्तरपैकी निम्म्याहून अधिक जागा संपते, आणि पाणी कधी येणार नाही ते दुसऱ्या एसएमएसमध्ये जाते. आधी ‘उद्या पाणी नाही’ लिहावे. सन्मान नंतर.

रुपयाच्या चिन्हावरून आठवले. ते जाहीर झाल्यावर काही दिवसांतच ‘रुपी फोरेडियन’ नावाचा फॉन्ट देशभर पसरला. कीबोर्डवर एक च्या आकड्याच्या डावीकडे जी कुणी न वापरणारी कळ असते, तिच्यावर त्यांनी रुपया बसवला होता. लोकांनी कोटेशने पाठवली, समोरच्याच्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता, आणि रकमेआधी रुपयाऐवजी एक तिरका टिंब दिसू लागला. ईजेकेबीएचचाच हा धाकटा भाऊ. युनिकोडने त्याच वर्षी रुपयाला स्वतःचा खाना दिला आणि तो प्रकार थोडक्यात आटोपला. चिन्ह एकच असले आणि निर्णय लवकर झाला तर काय होते ते यात दिसते. आपल्याकडे चिन्हे पुष्कळ, आणि त्यांचा नवा पत्ता अजून सगळ्यांना कळलेला नाही.

तक्रार निवारणाच्या पोर्टलांबद्दल एक गुपित सांगण्यासारखे आहे. मराठी माणूस अर्जाची सुरुवात आता हात जोडल्याच्या इमोजीने करतो. देवनागरी चिन्ह तीन बाइटमध्ये मावते, इमोजीला चार लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘युटीएफ-८’ या नावाने जो प्रकार वर्षानुवर्षे वापरला गेला, तो तीनच बाइटपर्यंत जातो. चारवाला प्रकार २०१० साली वेगळ्या नावाने आला आणि २०१८ मधल्या आठव्या आवृत्तीत कुठे तो आपोआप लागू झाला. जुन्या पद्धतीने उभारलेल्या, ढिल्या नियमांच्या डेटाबेसमध्ये चार बाइटचे चिन्ह आले, की तिथून पुढचा सगळा मजकूर कापला जातो. इमोजी शेवटी असेल तर नुसता नमस्कार जातो. सुरुवातीला असेल तर तक्रारच जाते, आणि ‘आपला अर्ज प्राप्त झाला’ असे उत्तर मात्र येते. तेव्हा पोर्टलवर लिहिताना नमस्कार अक्षरांनी करावा. नेत्यांना, अधिकाऱ्यांना आणि डेटाबेसला तो तसाच पोचतो.

मराठी नावांच्या याद्या एक्सेलमध्ये उघडल्यावर इंग्रजी ‘ए’च्या डोक्यावर उलटी तिरकी रेघ आणि शेजारी चार पायांचा गोल किडा अशी रांग दिसते, ती कुणी पाठवलेली व्हायरस फाइल नाही. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) युटीएफ-८ मध्ये आहे आणि डबल-क्लिक केल्यावर एक्सेल तिला जुन्या पाश्चात्त्य संकेताने वाचतो, एवढेच. एक्सेल कोरे उघडावे, डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्यावे, फाइल ओरिजिनच्या यादीत ६५००१ युनिकोड निवडावा. नावे जागेवर येतात. मात्र नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील तर हळहळण्याखेरीज काही उरत नाही. किड्यांच्या मागे मराठी शाबूत असते, प्रश्नचिन्हांच्या मागे काही नसते; साठवतानाच ती गेलेली. मूळ यादी मागवावी. आणि हो, सोळा अंकी खाते क्रमांक असलेली यादी एक्सेलमध्ये घ्यायची असेल तर तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करावा. एक्सेल पंधराच अंक लक्षात ठेवतो आणि सोळाव्याच्या जागी शून्य घालतो, न विचारता.

आता शासकीय कागद. राज्य शासनाने युनिकोड बंधनकारक केला आहे, आणि पुष्कळ कार्यालयांत तो पाळलाही जातो. पण पुढे काय होते पाहा. पत्र युनिकोडमध्ये नेटके टाइप होते. छापले जाते. त्यावर सही होते, शिक्का बसतो, शिक्क्याखाली तारीख पेनाने. मग कागद स्कॅनरवर थोडा तिरका ठेवून त्याची पीडीएफ बनते आणि तीच संकेतस्थळावर चढते. म्हणजे चार मिनिटांपूर्वी कॉम्प्युटरला शब्द न् शब्द कळत होता, तो कागदाच्या फोटोत बंद झाला. त्यात ‘पाणीपट्टी’ शोधून सापडत नाही. अंध वाचकाला मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर गप्प बसतो (कृतिदेवची फाइल असेल तर निदान अगम्य इंग्रजी पुटपुटतो). डिजिटल सही वापरावी; ते होत नसेल तर सहीच्या प्रतीशेजारी मूळ मजकुराची पीडीएफही ठेवावी. ती करतानाही ‘प्रिंट’मधून करू नये, वर्डच्या ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडावी आणि ऑप्शन्समध्ये स्ट्रक्चर टॅगची खूण राहू द्यावी. नाहीतर कॉपी करताना ‘किती’ची ‘िकती’ होते, वेलांटी अनाथ होऊन पुढे उभी. आधीच स्कॅन झालेले असेल तर ३०० डीपीआयने सरळ स्कॅन, आणि टेसरॅक्टसारखे फुकट ओसीआर (फोटोतली अक्षरे ओळखून मजकूर करणारे सॉफ्टवेअर), त्यातला मराठीचा भाषासंच निवडून. गुगल ड्राइव्हवर पीडीएफ चढवून गुगल डॉक्सने उघडली तरी मजकूर निघतो. रफार आणि अनुस्वार तेवढे डोळ्याने तपासावे लागतात.

एआय मराठीत कच्चे का, याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. ही यंत्रे उपलब्ध मजकूर वाचून शिकतात. आपले नव्वदीपासूनचे कितीतरी लिखाण, दिवाळी अंक, प्रबंध, ग्रामपंचायतींचे ठराव, हे एक तर ईजेकेबीएचमध्ये आहे नाहीतर तिरक्या फोटोत. यंत्राने वाचायचे काय? ‘म्ला’ आणि ‘ळैज्’?

छापखान्यांची अडचण खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पाने लावायच्या जुन्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नाही. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ची. तरी तो अजून कुठे ना कुठे चालू असतो, कारण हात बसलेला आहे आणि जुनी पाने त्यातच आहेत. त्याच कामाच्या नव्या इनडिझाइनवर आलेले लोक युनिकोड मॅटर टाकतात, जोडाक्षरे मोडलेली दिसतात, आणि ‘युनिकोड छपाईला चालत नाही’ असा निकाल देऊन परत फिरतात. एकच जागा बदलायची राहिलेली असते. पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडायचा. रोज तेच करायला नको असेल तर पॅराग्राफ स्टाइलमध्ये जस्टिफिकेशनच्या पानावर तोच कंपोझर ठरवून टाकायचा. वेलांट्या आपापल्या घरी जातात. ‘युनिकोडमध्ये चांगले फॉन्टच नाहीत’ ही तक्रारही जुनी झाली. मुक्ता आहे, तिरो देवनागरी मराठी आहे, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत; सगळे फुकट. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल, तर ज्या फॉन्टमध्ये ती सोय आहे तिथे मजकुराची भाषा हिंदी नव्हे, मराठी अशी लावावी लागते. ही खूण शंभरात नव्वद जण लावत नाहीत असे म्हणण्याचा मोह होतो, पण मोजलेले कुणी नाही.

कळफलकाबद्दल थोडक्यात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे मराठी जोडावी. कळफलक इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक निवडावा. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलावी. कुठलेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही आणि मेव्हण्याच्या पेनड्राइव्हवरून काही आणावे लागत नाही. इनस्क्रिप्टची भीती उगाच आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि शिफ्ट दाबला की बऱ्याच कळांवर त्याच अक्षराचा महाप्राण: क चा ख, ग चा घ, त चा थ, द चा ध, प चा फ, ब चा भ. ज्यांची बोटे टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर तयार झाली आहेत त्यांनी ती मोडू नयेत. त्याच मांडणीने युनिकोड टाइप करणारे कळफलकही फुकट मिळतात.

आपल्याकडे एक विनंती. वाचकपत्रांच्या सदराखाली ‘पत्रे पीडीएफ आणि ओपन फाइल अशा दोन्ही स्वरूपांत, फॉन्टसह पाठवावीत’ अशी सूचना काही दैनिके छापतात. तिच्या जागी ‘युनिकोडमध्ये, ईमेलच्या मजकुरातच पाठवावीत’ एवढी एक ओळ टाकली, तर प्रसिद्धिपत्रके काढणाऱ्या निम्म्या संस्था महिन्याभरात सुधारतील, कारण छापून येण्याची इच्छा ही फार मोठी शिक्षिका आहे. हे पत्र तसेच पाठवले आहे. त्यात ‘आचाऱ्यास’ हा शब्द एकदा आणि ‘दऱ्या’ एकदा मुद्दाम आला आहे. पान लावताना त्यांचे ‘आचार्यास’ आणि ‘दर्या’ झाले, तर कृपया शुद्धिपत्र देऊ नये. वर सांगितलेली कंपोझरची खूण तेवढी पाहून घ्यावी.

आपला,
अक्षरजुळणीच्या धंद्यातला एक वाचक,
अप्पा बळवंत चौक, पुणे